कागदावरच्या माणसाची शोकसभा

महोदय,

जपानी मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, म्हणजे नुसती हाणामारी, मुलांना त्यापासून लांबच ठेवलेलं बरं, असं सरसकट बोललं जातं. वाईट वाटतं. असं म्हणणाऱ्यांनी 'अशिता नो जो' एकदा तरी वाचावं. १९६८ ते १९७३ या काळात साप्ताहिकातून आलेली ही जो नावाच्या एका अनाथ बॉक्सरची गोष्ट. जोच्या वजनगटात उतरून त्याच्याशी लढता यावं म्हणून अंगाने थोराड असलेला त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी उपाशीतापाशी वजन उतरवतो. तहानेने वेडापिसा होऊन नळाकडे धावतो, तर नळ तारेने करकचून बांधलेले! कळवळून कुणी गरम पाण्याचा पेला पुढे करतं, तर तो पाणी जमिनीवर ओतून देतो. त्या पानांत एकही ठोसा नाही, तरी मला खरी झुंज तीच वाटते.

पुढे रिकिइशी सामना जिंकतो आणि लगेच प्राण सोडतो. मार्च १९७० मध्ये कवी-नाटककार शूजी तेरायामा यांच्या पुढाकाराने तोक्योत त्याची शोकसभा झाली. शेकडो वाचक आले होते, एका चित्रातल्या माणसासाठी!

आपल्या रविवार पुरवणीत अशा चित्रकथांची ओळख करून देणारं सदर सुरू करावं, ही विनंती.

– एक वाचक, पुणे