गेमसाठी आधी नवा संगणकच कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नातीला गेम बनवायला शिकायचं आहे. क्लासवाले म्हणाले, आधी ग्राफिक्स कार्डवाला नवा संगणक घ्या. घरातला जुना लॅपटॉप त्यांनी उघडूनही पाहिला नाही.

मी कुडाळला बरीच वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, वर्गणीची पावतीपुस्तकं. लेझर प्रिंटरशी झटापट करतानाच पोस्टस्क्रिप्ट शिकलो. अडोबी कंपनीची ही १९८४ सालची, पानावर काय कुठे छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा स्टॅकवर, म्हणजे चवडीवर, चालते. घावनांच्या चवडीतलं शेवटी ठेवलेलं आधी उचलतात, तसंच इथे. आकडे एकावर एक ठेवायचे, मग काम सांगायचं. '७२ ७२ मूव्हटू' म्हणजे कागदाच्या डाव्या आणि खालच्या कडेपासून एकेक इंच आत जा. ७२ एककांचा एक इंच. क्रियापद शेवटी! मराठी पोरांना यात उलटं काय वाटणार? आरंभबिंदू पानाच्या मधोमध नेऊन 'रेघ मार, ३० अंश फिर' हे १२ वेळा करायला लावलं की चक्र तयार. नातीने रेघेच्या जागी पाकळी घातली आणि गणपतीच्या मखरासाठी छापून मागितली. त्याच जुन्या लॅपटॉपवर, पोस्टस्क्रिप्ट चालवणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या फुकटच्या प्रोग्राममध्ये.

पोस्टस्क्रिप्ट छपाईची; तिच्यात गेम करणं म्हणजे अट्टहास. पण चार्ल्स मूर यांची फोर्थ ही प्रोग्रामिंगची भाषा याच जातीची. १९८६ चा 'स्टारफ्लाइट' हा अंतराळातला गेम बराचसा फोर्थमध्ये लिहिलेला. त्यात ८०० ग्रह होते, आणि तो दोन फ्लॉपींत मावत असे.

आजचं उदाहरण हवं, तर 'हंड्रेड रॅबिट्स' नावाचं जोडपं शिडाच्या बोटीवर राहतं, सौरऊर्जेवर काम करतं. त्यांनी घडवलेला यूएक्सएन हा छोटा आभासी संगणक, म्हणजे खऱ्या संगणकात प्रोग्राम म्हणून चालणारा संगणक, स्टॅकवरच चालतो. ६४ केबी मेमरी, पडद्यावर चार रंग, आणि तेवढ्यात गेम, चित्रकलेची साधनं, सगळं. गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्रावरही तो चालवला गेलाय. पावसात वीज आणि रेंज एकदमच जाणाऱ्या आमच्या वाडीला हे लोक शेजारचे वाटावेत.

तेव्हा विनंती अशी, की मुलांच्या पानावर दर आठवड्याला अशा भाषेतला दहाएक ओळींचा प्रोग्राम छापावा. शाळेतल्या जुन्या संगणकावर पोरं तो टाइप करून पाहतील. मजकुराची जुळणी मी विनामोबदला करून देईन. फक्त आकड्यांमधल्या मोकळ्या जागा छापताना खाऊ नका, नाहीतर प्रोग्राम चालायचा नाही.

आपला,
एक जुना डीटीपीवाला, कुडाळ