विलेमस्टॅडचा पूल आणि तुलाचं स्मारक

संपादक महोदय, स.न.

कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरच्या विलेमस्टॅड बंदरात आम्ही उतरलो ते क्रूझच्या मुक्कामात. सगळे हांडेलस्काडे या धक्क्यावरच्या रंगीत इमारतींसमोर फोटो काढून बोटीवर परतले; मी आणि हे मात्र थांबलो. 1888 सालच्या क्वीन एमा पुलावर निम्म्यात पोहोचलो तोच घंटा वाजली आणि पायांखालचा पूल हलायला लागला! होड्यांवर तरंगणारा हा लाकडी पूल एका टोकाला इंजिन लावून बाजूला सरकवतात, मग मधून मोठं जहाज जातं. माझ्या शेजारची आजी भाजीच्या पिशव्या खाली ठेवून निवांत उभी राहिली. तिच्यासाठी ते रोजचंच.

प्लासा बियू या जुन्या बाजारातल्या खाणावळीत बकऱ्याचं कालवण आणि मक्याच्या पिठाचं फुंची जेवलो. पापियामेंतू या इथल्या भाषेतलं 'डांकी' म्हणजे आभार, तेवढं पाठ झालं.

पण पत्र लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. हे गुलामांच्या व्यापाराचं बंदर होतं. 1795 मध्ये तुला नावाच्या गुलामाने इथे उठाव केला, त्याला हालहाल करून मारलं. पुलापलीकडच्या ओत्रोबांदा भागाच्या बाजूला किनाऱ्यावर त्याचं स्मारक आहे: साखळदंड तोडणारी माणसं. तिथे आम्ही दोघंच होतो. आपल्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत खरेदीला वेळ असतो, तुलासाठी नसतो. आयोजकांनी अर्धा तास तरी ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका