नोकरी सोडली, त्याचा हिशेब

विचिटा, कॅन्सस
८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि आई,
सा. न.

मागच्या रविवारी फोनवर मी नोकरी सोडल्याचं सांगितलं आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. तुमचं हे "बरं" माझ्या ओळखीचं आहे. बारावीला गणितात मार्क कमी पडले तेव्हाही हेच होतं. मग आईने फोन घेतला आणि बर्फ किती पडलाय ते विचारत बसली.

एक गोष्ट तेव्हा धीर न झाल्याने राहिली. नोकरी सोडली ती मागच्या जूनमध्ये. आठ महिने मी तुमच्यापासून लपवलं. दर रविवारी "काम कसं चाललंय?" विचारलंत की "चाललंय" म्हणत होते. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माफ करा.

तुमचे तीन प्रश्न आईने व्हॉट्सॲपवर कळवले. काढून टाकलं का? पैशाचं काय? आणि जुन्या पेशंटांचं काय झालं? पहिले दोन येणार हे माहीत होतं. तिसऱ्याने मात्र रात्री झोप लागू दिली नाही.

काढून टाकलं नाही. आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करा म्हणत होते.

इथे डॉक्टरच्या कामाला एक माप आहे, आरव्हीयू (रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट), म्हणजे कोणत्या कामाचे किती गुण. १९९२ पासून मेडिकेअर, म्हणजे पासष्टीच्या पुढच्यांचा सरकारी विमा, या मापाने डॉक्टरांना पैसे देतो. पुढे खाजगी विमा कंपन्यांनी आणि रुग्णालयांनीही तेच उचललं. पेशंट तपासला की एक कोड टाकायचा. साधी भेट असेल तर ९९२१३, तिचे १.३० आरव्हीयू. जरा गुंतागुंतीची असेल तर ९९२१४, तिचे १.९२. वर्षाचं टार्गेट ठरलेलं आणि दर तिमाहीला सगळ्या डॉक्टरांचे आकडे एका पडद्यावर, हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात. तुम्ही बँकेत असताना मार्च महिन्यात ठेवींच्या टार्गेटपायी घरी कसे यायचात, ते मला आठवतं. माझा मार्च बारा महिने चालायचा.

पंधरा मिनिटांना एक पेशंट, दिवसाला वीस. माझ्या नावावर एकोणीसशे माणसं होती. २०२२ साली इथल्या काही संशोधकांनी हिशेब मांडला होता. अडीच हजार पेशंट असलेल्या डॉक्टरने मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सगळं करायचं ठरवलं, तर दिवसाला २६.७ तास लागतात. तुम्ही आकड्यांचे माणूस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगते. वय एकाहत्तर. गहू आणि ज्वारी लावतो. (हो आई, ज्वारी! अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी आमच्या कॅन्ससमध्ये पिकते, आणि भाकरी कोणी करत नाही. गुरं खातात, नाहीतर इथेनॉल होतं.) गुडघा दुखतो म्हणून आला होता. नर्सने आधी ठरलेले दोन प्रश्न विचारले होते: गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात मन लागेनासं झालं का? दोन्हींना शून्य. पडद्यावर हिरवी खूण आली. ती खूण आली की रुग्णालयाचे गुण वाढतात. मी गुडघा पाहिला, साखरेचा आकडा पाहिला, अर्धा वेळ टंकत होते. चौदाव्या मिनिटाला तो उठला, टोपी घातली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि पाठमोराच म्हणाला, "बंदूक मुलाकडे ठेवायला दिलीय. घरात नको म्हटलं."

आम्हा डॉक्टरांना मुठीवरचं बोलणं चांगलं माहीत असतं. माणूस खरं दुखणं बाहेर पडताना सांगतो, कारण तिथून पटकन निसटता येतं. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि म्हटलं, बसा. बायको चार महिन्यांपूर्वी गेली होती. ते माझ्या पडद्यावर कुठेच नव्हतं, कारण तिचा डॉक्टर वेगळा. चाळीस मिनिटं गेली. बाहेर तीन पेशंट ताटकळले, त्यांतली एक बाई चिडून निघून गेली. तिचीही चूक नव्हती. संध्याकाळी व्यवस्थापकांची ईमेल आली, अगदी सौजन्याने लिहिलेली: आजचा सरासरी प्रतीक्षाकाळ वाढलेला दिसतो, काही मदत हवी आहे का?

त्या ईमेलला उत्तर काय द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

रात्री मुलगी झोपली की मी पुन्हा लॅपटॉप उघडायची. दिवसभराच्या नोंदी, विमा कंपन्यांच्या परवानग्या, तपासण्यांचे निकाल. याला इथले डॉक्टर "पायजमा टाइम" म्हणतात. माझी लेक "आईचा होमवर्क" म्हणायची. २०१६ च्या एका पाहणीत दिसलं होतं की पेशंटसमोरच्या एका तासामागे डॉक्टरचे जवळजवळ दोन तास संगणक आणि कागदांत जातात. वाचलं तेव्हा हायसं वाटलं होतं, की मीच मंद नाही.

मग इतकी वर्षं का थांबलीस, असं आई विचारेल. कारण व्हिसा. एच-वन-बीवर असताना डॉक्टर ज्या मालकाच्या नावावर आलेला असतो, त्याच्याकडेच काम करतो. सोडलं की देशात राहण्याचाच प्रश्न. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला ठाऊक आहे. माझा अर्ज २०१२ चा, कार्ड हातात आलं २०२२ ला. त्या दहा वर्षांत मी एकदाही "नाही" म्हटल्याचं आठवत नाही. नंतरची तीन वर्षं नुसती सवयीने गेली.

सोडतानाही करार आडवा आलाच. दोन वर्षं वीस मैलांच्या आत दवाखाना काढायचा नाही, असं कलम होतं. असली कलमं देशभर बंद करायचा नियम केंद्राच्या व्यापार आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये केला होता. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या कोर्टाने तो उडवला. म्हणून माझा दवाखाना जुन्या जागेपासून सत्तावीस मैलांवर आहे. शिवाय जुन्या पेशंटांपैकी कोणी पुढेमागे दावा लावला तर, म्हणून निघतानाच एक वेगळा विमा काढावा लागला. त्याला इथे "शेपूट" म्हणतात. शेपटीची किंमत वर्षाच्या हप्त्याच्या जवळपास दुप्पट. माझ्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर तीच नोंद आहे.

आता नवं काय, ते सांगते. याला डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात. पेशंट दरमहा ठरावीक रक्कम देतो. माझ्याकडे मोठ्यांना ७५ डॉलर, लहान मुलांना २०. मग महिन्यातून कितीही वेळा या, फोन करा, मेसेज करा. विमा कंपनीला मी बिल पाठवत नाही, त्यामुळे कोडही नाहीत. रक्ततपासण्या आणि साधी औषधं घाऊक भावात देते. मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांचा महिना तीन डॉलरमध्ये होतो. ऑपरेशन, रुग्णालय यांसाठी माणसाला विमा लागतोच, तो त्याने वेगळा काढायचा. हा विमा नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

बाबा, ही माझी एकटीची खुळी कल्पना नाही. आमच्या विचिटातच ॲटलस एमडी नावाचा असा दवाखाना २०१० पासून चालू आहे. पण दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर तुम्ही शोधून काढालच. सिॲटलला २००७ मध्ये याच पद्धतीने उभी राहिलेली क्वायलियन्स ही नावाजलेली संस्था २०१७ मध्ये बंद पडली. मोठ्या भांडवलालाही दवाखान्यांचा धंदा जमतोच असं नाही. वॉलमार्टने स्वतःचे ५१ दवाखाने उघडले आणि २०२४ मध्ये सगळे गुंडाळले.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि मदतीला एकच बाई, रक्त तीच काढते, फोनही तीच घेते. आधी तिथे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. फरशीवर अजून तेलाचे डाग आहेत, घासून गेले नाहीत.

पहिली भेट तासाभराची ठेवते. सप्टेंबरमध्ये एक आजी आल्या, चक्कर येऊन दोनदा पडलेल्या. डोक्याचं स्कॅन झालं होतं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. येताना घरातली सगळी औषधं घेऊन या म्हटलं होतं, तर त्यांनी किराण्याची कागदी पिशवीच टेबलावर उपडी केली. चौदा बाटल्या. आम्ही दोघींनी त्या एकेक करून रांगेत लावल्या, सकाळच्या इकडे, रात्रीच्या तिकडे. अकराव्या बाटलीवर माझा हात थांबला. लिसिनोप्रिल, रक्तदाबाची गोळी. आणि तिसऱ्या बाटलीत तीच गोळी होती, कंपनीच्या नावाने. एक घरच्या डॉक्टरने दिलेली, एक रुग्णालयातून सुटताना मिळालेली. रंग वेगळा, आकार वेगळा, म्हणून आजी इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या. यात माझी हुशारी काही नाही. ज्याच्याकडे चौदा बाटल्या रांगेत लावायला वेळ आहे, त्याला ते दिसणारच. त्यानंतर त्या पडलेल्या नाहीत.

ज्वारीवाला म्हाताराही आला. मी मेडिकेअरमधून बाहेर पडले आहे. तसं पडलं की दोन वर्षं परतीची वाट नसते, आणि पासष्टीपुढच्या प्रत्येक पेशंटशी वेगळा लेखी करार करावा लागतो. त्याने तो करार ओळ न् ओळ वाचला, अगदी तुमच्यासारखा, आणि दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. आता दर महिन्याला येतो. गुडघ्याबद्दल बोलतच नाही.

पैशाचं. पूर्वी वर्षाला २ लाख ४० हजार डॉलर मिळायचे. आता महिन्याला चार हजार घरी नेते, तेही गेल्या तीन महिन्यांपासून. काल संध्याकाळपर्यंत २१२ सभासद झाले. साडेतीनशे झाले की मान वर काढता येईल, सहाशेला मी थांबणार. या १ जानेवारीपासून नवा कायदा लागू झालाय. आरोग्य बचत खात्यातून अशा दवाखान्याची फी भरता येते, एकट्याला महिन्याला १५० आणि कुटुंबाला ३०० डॉलरपर्यंत. जानेवारीत एकवीस जण त्यामुळेच आले. घराचा हप्ता सुहासच्या पगारातून जातो. आणि हसू नका, आमचा स्वतःचा आरोग्य विमा त्याच्या विमान कारखान्यातल्या नोकरीचा आहे. तो नसता तर हे धाडस मी केलं नसतं. तेव्हा शूर वगैरे म्हणू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न.

एकोणीसशेपैकी माझ्यामागे आले ते एकशे एकतीस. बाकीच्यांना रुग्णालयाने पत्र पाठवलं की डॉक्टर आता इथे नाहीत. नवा डॉक्टर चार महिन्यांनी मिळाला. त्या पेशंटांमध्ये एक बाई होती, वृद्धाश्रमात मदतनीस, तीन मुलं, स्वतःला दमा. तिने शोधून फोन केला, "तुमच्याकडे माझा विमा चालेल का?" मी म्हटलं, नाही, महिन्याला ७५. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हरकत नाही, मग मी कोणाला दाखवू?" मी दहा जागा अर्ध्या फीच्या ठेवल्यात, त्यांतली एक देऊ केली. बघते म्हणाली. पुन्हा फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहून ठेवलंय की चांगल्या उपचारांची जिथे जास्त गरज, तिथेच ते कमी मिळतात. शिकताना मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तो वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टर होता आणि तिथेच टिकून राहिला. मी निघून आले. नॉर्वेतली २०२१ ची एक पाहणी आहे: पंधरा वर्षांहून जास्त एकाच डॉक्टरकडे असलेल्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या मानाने, पाव हिश्शाने कमी दिसलं. नवा दवाखाना मी लोकांना समजावते तेव्हा हा आकडा हमखास सांगते. पण तोच आकडा उलटा धरला तर सतराशेहून जास्त लोकांचं काय होतं, ते कोणाला सांगत नाही. सुहास म्हणतो, तू तिथे राहिली असतीस तर दोन वर्षांत आजारी पडून सोडलंच असतंस. असेलही. पण त्या बाईला चार महिने दम्याची औषधं कोणी लिहून दिली, हे त्याने कळत नाही. उद्या तिला फोन करते.

आई, गुडघ्याच्या पट्ट्यासाठी माप पाठव, मांडीचं आणि पिंडरीचं वेगवेगळं.

बाबा, वहीच्या अकरा पानांचे फोटो सोबत पाठवतेय. येत्या रविवारी तुमच्या सकाळी साडेआठला, म्हणजे आमच्या शनिवारी रात्री नऊला, फोन करते. चष्मा आणि पेन्सिल घेऊन बसा. चौथ्या पानावर नोव्हेंबरच्या भाड्यात आणि एकूण खर्चात १८० डॉलरचा फरक येतोय, मी तीनदा बेरीज केली.

तुमची,
सुमी