सोन्याच्या आयआरएची घडणावळ

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, सोन्याच्या आयआरएची, म्हणजे निवृत्तीच्या बचतखात्यात खरी सोन्याची नाणी ठेवायची, तुम्ही फोटो काढून पाठवलेली पुस्तिका वाचली. शेवटच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा, मोठी करून करून. नाणी विकणारा तो फोनवरचा माणूस गोड बोलतो यात वाद नाही, पण शुक्रवारच्या आत सही का हवी, ते काही मला कळलं नाही. शनिवारीही सोनं मिळतं. फोनवर आपलं बोलणं दर वेळी आईच्या गुडघ्यावर जातं आणि तिथेच अडकतं, म्हणून सगळं लिहूनच काढते.

सोनं घ्यायला माझा विरोध नाही. सगळी पुंजी शेअरबाजारात ठेवून रात्री डोळा लागत नसेल, तर थोडं सोनं असलेलं बरं. मात्र त्या पुस्तिकेतला आलेख कुठून सुरू होतो तेवढं बघा. २००१ पासून. तेव्हा सोनं औंसाला ३०० डॉलरच्याही खाली होतं. त्याआधीचं पान त्यांनी छापलेलं नाही: जानेवारी १९८० मध्ये हेच सोनं ८५० वर गेलं होतं, म्हणजे तेव्हा घेणारा वीस वर्षांनंतरही खड्ड्यातच होता. २०११ साली भाव १,९०० च्या घरात गेला आणि २०१५ संपताना १,०६० च्या आसपास आला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये ४,००० पार झाला, हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहेच. मधल्या काळात व्याज नाही, लाभांश नाही. हे माहीत असूनही घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

आता खर्चाचं. नियम असा की आयआरएतलं सोनं स्वतःकडे ठेवता येत नाही. ते बँकेकडे किंवा आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, मान्यता दिलेल्या कस्टोडियनच्या (खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या) ताब्यात हवं, आणि तो ते एखाद्या डिपॉझिटरीत, म्हणजे सोनं ठेवायच्या मोठ्या तिजोरीत, ठेवतो. त्यातल्या काही डेलावेअरमध्ये आहेत, तुमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर. पण जाऊन बघायचं म्हटलं तरी ते काही बँकेतलं लॉकर नव्हे. या व्यवस्थेचे पैसे पडतात: खातं उघडायचे साधारण ५० ते १०० डॉलर, कस्टोडियनचे वर्षाला शंभराच्या आसपास, तिजोरीचे आणखी शंभर-दीडशे. तुमची नाणी इतरांच्या नाण्यांत न मिसळता वेगळी ठेवा म्हटलं की थोडे जास्त. विमा बहुधा यातच धरलेला असतो, पण तेही विचारून घ्या. पुस्तिकेत ‘खर्च’ म्हणून जो तक्ता आहे तो एवढाच आहे. लाखभर डॉलरवर वर्षाला अडीचशे-तीनशे म्हणजे पाव टक्का किंवा किंचित जास्त. हा आकडा मलाही खटकला नाही. (दहा हजारच टाकले असते तर तेच तीनशे तीन टक्के झाले असते. लहान रकमेसाठी हे प्रकरण नाहीच.)

खरा पैसा त्या तक्त्यात नाही. आई, हे तुला बाबांपेक्षा लवकर कळेल. ओक ट्री रोडवरच्या सराफाकडे तू भाव कधी विचारत नाहीस, भाव सगळ्यांना ठाऊक असतो. तू विचारतेस घडणावळ, आणि मोडीत घातलं तर किती कापणार ते. इथेही तेच विचारायचं. अमेरिकेची टांकसाळ साधी, गुंतवणुकीची ईगल नाणी आपल्याला थेट विकत नाही. ठरावीक मोठ्या व्यापाऱ्यांना विकते आणि धातूच्या भावावर एका औंसाच्या नाण्याला ३ टक्के, तर औंसाच्या दहाव्या भागाच्या नाण्याला ९ टक्के लावते. त्यावर पुढच्या व्यापाऱ्याचा नफा. सरळ माणूस असेल तर एका औंसाचं साधं नाणं भावापेक्षा पाचेक टक्के वर मिळतं. म्हणजे लाख डॉलर दिले की हाती ९५,२३८ डॉलरचं सोनं. परत विकताना आणखी एक-दोन टक्के कमी. हे अजून समजण्यासारखं आहे.

पण बाबा, नववं पान बघा. तुम्हाला साधी ईगल नाहीत, ‘प्रीमियम प्रूफ नाणी’ (संग्राहकांसाठीची चकचकीत नाणी) सुचवली आहेत. त्यांची छायाचित्रं आहेत, मखमली डबी आहे, किंमत मात्र कुठेच नाही. अशा नाण्यांवर ४० टक्के चढवले, तर तुमच्या लाखात ७१,४२९ डॉलरचं सोनं येतं आणि सोनं ४० टक्के वाढेल तेव्हा कुठे तुम्ही जिथे होता तिथे परत पोहोचता. मी उगाच घाबरवत नाहीये. सप्टेंबर २०२० मध्ये सीएफटीसी (वायदेबाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) आणि ३० राज्यांनी मिळून अशाच एका प्रकरणात दावा लावला: निदान १,६०० माणसं, बहुतेक वयस्कर, आणि १८.५ कोटी डॉलर, त्यातला बराच निवृत्तीचा पैसा. मे २०२३ मध्ये एसईसीने, म्हणजे शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आणखी एका कंपनीवर दावा लावला. ग्राहकांना सांगितलं होतं की भावावर १ ते ५ टक्के चढवतो, आणि आरोप होता की काही ठिकाणी १३० टक्क्यांपर्यंत लावले. सगळे विक्रेते तसे नसतात. पण किंमत न सांगणारा विक्रेता मला नको.

आणि ‘मोठ्या रकमेवर चांदी मोफत’! आई, तुझ्या आयुष्यात कुठल्या सराफाने तुला चांदी फुकट दिली?

पुढचा मुद्दा तुमच्या वयाचा. पुढल्या वर्षी तुम्हाला ७३ पूर्ण होतील आणि आयआरएतून दर वर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागेल. ७३ व्या वर्षी शिल्लक भागिले २६.५. सोन्याच्या खात्यात लाख असतील तर त्यांच्या वाट्याचे ३,७७४ डॉलर. भाव ४,००० धरला तर जवळपास एक नाणं, आणि नाण्याचा तुकडा काही पाडता येत नाही. तेव्हा एकतर नाणं विकायचं आणि पुन्हा कापून घ्यायचं, नाहीतर नाणंच घरी मागवायचं आणि त्या दिवशीच्या किमतीवर उत्पन्नासारखा कर भरायचा. तुमच्या बाबतीत सुटका आहे: बाकीचा पैसाही आयआरएतच असल्याने सगळ्याची मिळून रक्कम तिथल्या रोखीतून काढता येते, सोन्याला हात न लावता. म्हणून सगळं एकाच खात्यात ओतू नका. काढायचं राहून गेलं तर दंड २५ टक्के, चूक वेळेत सुधारली तर १०.

रेडिओवर तुम्ही ऐकलंत ना, एलएलसी (स्वतःची छोटी कंपनी) काढा आणि आयआरएचं सोनं घरच्याच तिजोरीत ठेवा? ते डोक्यातून काढून टाका. एका जोडप्याने तेच केलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने सांगितलं की नाणी घरी आली तेव्हाच ती खात्यातून काढल्यासारखी झाली. कर बसला, वर दंड.

आई, तू विचारलंस की तुझ्या पाटल्या आणि गोठ त्यात घालता येतील का. नाही. दागिना चालत नाही, आणि आपल्याकडे आधीपासून असलेली नाणीही चालत नाहीत. खात्यातल्या पैशातून नवीन घ्यावी लागतात. सोनं ९९.५ टक्के शुद्ध हवं. ईगल २२ कॅरेटचं असूनही कायद्याने त्याला सूट आहे. आणि नातीसाठी ठेवायचं मनात असेल, तर आयआरए ही त्याची जागाच नव्हे. तिच्या नावे केलंत, तरी तुमच्यामागे तिला दहा वर्षांत खातं रिकामं करावं लागेल आणि काढेल त्या पूर्ण रकमेवर कर भरावा लागेल. लॉकरमधल्या पाटल्या तिला मिळाल्या तर त्यांची किंमत त्या दिवसाच्या भावाने नव्याने धरली जाते, आधीच्या वाढीवर कर नाही. तुझ्या पाटल्या आहेत तिथेच राहू देत.

बाबा, तुम्हाला फक्त सोन्याच्या भावाशी नातं हवं असेल, तर आहे त्याच आयआरएत गोल्ड ईटीएफ मिळतो, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड. वेगळा कस्टोडियन नको, तिजोरी नको. आयएयू नावाच्या अशा फंडाचा खर्च वर्षाला ०.२५ टक्के, जीएलडीएमचा ०.१० टक्के, म्हणजे लाखावर २५० किंवा १००. जुना, मोठा जीएलडी ०.४० टक्के घेतो. तो तर तिजोरीतल्या नाण्यांपेक्षाही महाग पडेल, हे मी लपवत नाही. पण घेताना-विकताना जातात ते चिल्लर, आणि दर वर्षीची रक्कम काढायला हवे तेवढेच शेअर विकता येतात. नाणं खात्यात आहे याचं समाधान मात्र त्यात नाही. ते समाधान तुम्हाला हवंय का, किती पैशांना हवंय, हे तुम्हीच ठरवा.

नाणीच घ्यायची ठरलं, तर त्या माणसाकडून ईमेलवर एवढंच मागवा: एका औंसाच्या साध्या ईगलचा आजचा विक्रीचा भाव, आणि तेच नाणं आज तुम्ही त्याला विकायला गेलात तर तो काय देईल तो भाव. दोन्ही एकाच दिवसाचे. शिवाय पैसे थेट एका कस्टोडियनकडून दुसऱ्याकडे जावेत. तुमच्या नावाचा चेक घेऊ नका, नाहीतर साठ दिवसांत ते पैसे नव्या खात्यात भरायचं घड्याळ सुरू होतं. उत्तर आलं की मला पाठवा, तोवर ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही करू नका. तो फोनवरच सांगतो म्हणाला, तर फोन आईकडे द्या.

तुमची,
मनू

ता. क. आई, फिजिओथेरपीची पुढची तारीख घेतलीस का? बाबांना विचारलं तर ‘हो हो’ म्हणाले, म्हणजे घेतलेली नाही.