बेस हे उरलेल्याच्या गळ्यात घालायचं वाद्य नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हौशी बँड कसा उभा करावा, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. गाणाऱ्यांसाठी, गिटारवाल्यांसाठी, ड्रमरसाठी त्यात चांगल्या सूचना आहेत. बेसच्या, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या बेस गिटारच्या, वाट्याला मात्र एकच वाक्य आलं आहे : गिटारवाले जास्त झाले तर ज्याचा हात कच्चा असेल त्याच्याकडे बेस द्यावा, चारच तारा असल्याने तो लवकर जमतो. नोकरी आणि घर सांभाळून मी बरीच वर्षं एका हौशी बँडमध्ये बेस वाजवते आहे. या समजुतीपायी नवीन मुलं वाद्य सोडून जाताना मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र.

ही समजूत आली कुठून, ते कळण्यासारखं आहे. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस हा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला. कॉन्ट्राबास या उभ्या, मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या मानेवर (लांब दांडीवर) फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, नसतात; सूर कानाने शोधावा लागतो. या नव्या वाद्याला फ्रेट होते, ते गिटारसारखं गळ्यात अडकवता येत होतं, आणि गिटारवाल्यालाही त्यावर सूर नेमका मिळत होता. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी १९६१मध्ये बेसकडे वळले ते बँडमधला बेसवाला निघून गेल्यावर. कॅरल केय मूळच्या गिटारवादक. १९६३च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, तेव्हा त्यांनी बेस हातात घेतला आणि पुढे असंख्य गाण्यांत वाजवला. म्हणजे जागा रिकामी होती म्हणून बेसवर येणं यात काहीच वावगं नाही. पण हे दोघं हात कच्चा होता म्हणून आले नव्हते, आणि आल्यावर त्यांनी बेसकडे स्वतंत्र वाद्य म्हणूनच पाहिलं.

आता त्या चार तारांविषयी. इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत बारीक तार साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. बेसची सर्वांत जाड तार पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. एकेका तारेवरचा ताण गिटारच्या दुपटीहून जास्त. नेहमीच्या बेसची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंचांची; त्यामुळे पहिल्या फ्रेटचं घर, म्हणजे बोट दाबायची जागाच, जवळजवळ दोन इंच रुंद. गिटारवर ज्याची बोटं अजून तयार नाहीत, त्याला हे सोपं कसं जाईल?

आमच्या सरावाला असाच एक मुलगा आला होता. त्याच्या बँडने त्याच्या हातात जुना बेस दिला होता आणि तार दाबली की खरखर येते म्हणून तो रडकुंडीला आला होता. बेस पाहिला, तर तारा मानेपासून खूप वर उचललेल्या. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई, वर्षानुवर्षं कोणी तपासला नव्हता, मान पुढे वाकली होती. शिवाय पट्टा इतका लांब, की बेस मांडीपर्यंत लोंबत होता आणि डावं मनगट काटकोनात मुडपत होतं. आम्ही पट्टा आखूड केला. रॉड पाव वळसा आवळला, थोडा वेळ मान स्थिरावू दिली, मग ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ते तुकडे, खाली घेतले. नंतर त्याला एवढंच सांगितलं, की बोट घराच्या मधोमध ठेवू नकोस, फ्रेटच्या लगेच मागे ठेव. तिथे निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो. मानेच्या टोकाकडच्या रुंद घरांत चार बोटं चार फ्रेटवर ताणायची नाहीत. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांवर काम चालवायचं, अनामिका करंगळीला टेकू म्हणून. कॉन्ट्राबासवाले पिढ्यान्‌पिढ्या असंच वाजवत आले आहेत, आणि माझ्यासारख्या लहान पंजाच्या माणसाला तर दुसरा उपायच नाही. खरखर थांबली तेव्हा तो मुलगा एकच सूर कितीतरी वेळ वाजवत बसला होता. दोष वाद्याच्या जुळणीत होता. त्याला मात्र वाटत होतं, आपल्या हातात कसच नाही.

साधनांचंही तसंच. हात कच्चा असलेल्याला बेस मिळतो आणि सोबत कोपऱ्यात पडलेला गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर). बेसची मोकळी जाड तार, म्हणजे खालचा ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर त्यासाठी बनवलेलाच नसतो; हळू वाजवलं तर निभावतं, ड्रमच्या बरोबरीने आवाज काढायला गेलं की तो फाटतो. बेसचा अ‍ॅम्प लगेच जमत नसेल तर सुरुवातीला हेडफोनवर सराव करावा. शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही तेच बरं, कारण खालचे सूर भिंतीतून सहज पलीकडे जातात. नवा बेस घ्यायचा असेल आणि हात लहान असेल, तर ३० इंचांचा शॉर्ट स्केल बेस आधी हातात धरून पाहावा. त्याला कोणी खेळणं म्हणालं तर लक्ष देऊ नये.

ट्यूनिंगचं एक सांगते, कारण यावर नवीन मुलं फार अडतात. खालची तार जोरात छेडली की ट्यूनरचा (सूर जुळला का ते दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा भिरभिरतो, सूर पकडतच नाही. अशा वेळी बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट न दाबता नुसतं टेकवून तार छेडावी, म्हणजे हार्मोनिक हा घंटेसारखा सूर निघतो. सूर एक सप्तक वर, ८२ हर्ट्झवर जातो आणि ट्यूनरला तो लगेच सापडतो. आणि हे आवाज बंद ठेवून करायचं. ट्यूनर पेडल असेल तर त्यानेच आवाज बंद होतो.

रीतभातीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बेसवाल्याच्या हातात सगळ्या खोलीचा आवाज असतो. ४१ हर्ट्झची लहर आठ मीटरहून लांब. लहान खोलीत ती भिंतींवर आपटून कुठे फुगते, तर कुठे नाहीशी होते. अ‍ॅम्पला खेटून उभ्या असलेल्या वादकाला आपला आवाज कमी वाटतो आणि समोर गाणाऱ्याला मात्र कान भरून येतो. मग बेसवाला आवाज वाढवतो, गिटारवाला वाढवतो, ड्रमर जोरात मारतो आणि गायिकेचा घसा बसतो. नवीन बेसवाल्याला माझं सांगणं असतं, की ऐकू येत नसेल तर आधी दोन पावलं मागे सर, अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढ, तो खुर्चीवर ठेव किंवा कानाकडे तिरपा कर. तरी भागलं नाही तर खालचे सूर थोडे कमी करून मधले वाढव. सूर ओळखू येतो तो मधल्यांतून. आवाजाच्या बटणाला हात सगळ्यात शेवटी. इअरप्लग मात्र पहिल्या दिवसापासून, कारण गेलेले कान परत येत नाहीत.

दोन गाण्यांच्या मध्ये कोणी बोलत असताना बोटं तारांवर सपाट ठेवायची. गायिका सुरुवात समजावून सांगते आहे आणि मागे बेसची गुरगुर चालू आहे, हे असह्य असतं. ड्रमरची किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, कुठे पडते ते पाहून तिथे आपला सूर टाकायचा आणि तो कुठे थांबवायचा हेही ठरवून टाकायचं. सुराचा शेवट हा अर्धा बेस आहे असं मी मानते. सराव संपल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, केबल कोपराभोवती पिळायची नाही, सैल वेटोळं करून बांधायची.

एकाच कार्यक्रमात अनेक बँड असले की स्पीकर कॅबिनेट (स्पीकरची पेटी) बहुधा एकाचं असतं आणि सगळे बेसवाले तेच वापरतात. ही देवघेव मला फार प्रिय आहे. बेस, केबल आणि जमल्यास अ‍ॅम्पचा हेड (स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प) ज्याने त्याने स्वतःचा आणायचा, कॅबिनेटवाल्याला आधी विचारायचं आणि किती ओहमचं (विद्युत रोधाचं माप) आहे तेही विचारायचं. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात; पुष्कळ हेडची मर्यादा तिथेच संपते, तिसरं जोडलं तर हेड जळू शकतो. हेड आणि कॅबिनेटमध्ये स्पीकरचीच केबल लावायची. बेसची केबल दिसायला तशीच असते, पण त्या कामाची नसते. दुसऱ्याच्या अ‍ॅम्पवरची बटणं फिरवली तर आधी कुठे होती ते टिपून ठेवायचं आणि उतरताना जागच्या जागी आणायची. काही बिघडलं तर तिथल्या तिथे सांगायचं.

यातलं काहीही हात कच्चा असलेल्याला आपोआप जमत नाही, आणि कोणी शिकवलं तर कुणालाही जमतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत. तेव्हा हाताला किती येतं यावरून बेसवाला निवडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बँड जमवणाऱ्यांनी आधी विचारावं, की गाणं ऐकताना कोणाकोणाचा कान खालच्या सुरांकडे जातो. ज्याचा जातो त्याला बेस द्यावा, मग तो गटातला सर्वांत चांगला गिटारवाला का असेना.

पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात बेसचा अ‍ॅम्प, वाद्याची जुळणी आणि कानांची काळजी यांना स्वतंत्र चौकट द्यावी, ही विनंती. मजकूर लिहायला मी आनंदाने मदत करीन.

आपली,
एक हौशी बेसवादक