ॲपवर भरा आणि वहीतही भरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अंगणवाडी सेविकांचा कागदी भार हलका’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. बातमीत, मोबाईलच्या ॲपमुळे आमचं लिहिण्याचं काम कमी झालं असं खात्याच्या साहेबांचं म्हणणं आहे, मोबाईल हातात धरलेल्या हसऱ्या सेविकेचा फोटो आहे, पण तिला किंवा दुसऱ्या कुठल्या सेविकेला काही विचारल्याचं दिसत नाही. म्हणून मीच लिहिते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर मी २१ वर्षं सेविका आहे.

भार हलका झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी माझं कपाट येऊन बघावं. आमची ११ रजिस्टरं ठरलेली आहेत. कुटुंब पाहणी, आहाराचा साठा, वाटप, गरोदरपण आणि बाळंतपण, लसीकरण, गृहभेटी, वजनं, असं सगळं त्यात आलं. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आलं तेव्हा आम्हाला सांगितलं, आता वह्या जाणार. वह्या गेल्या नाहीत. एका लेकराचं वजन मी आधी वहीत लिहिते, मग ॲपवर भरते, मग महिन्याच्या अहवालात घालते, आणि वर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. पर्यवेक्षिका मॅडमना मी बोल लावत नाही, त्यांच्याही मागे वरून तगादा असतो. पण एकच आकडा चार ठिकाणी लिहायला लावून काम कमी झालं असं छापू नका.

मोबाईलला माझा विरोध नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, त्यात मीही होते. दोन जीबी रॅमचा फोन, ॲप इंग्रजीत, प्रत्येक रकान्याला लेकाला हाक मारावी लागायची. पण चांगलं ते चांगलंच म्हणेन. उंची आणि वजन भरलं की लेकराची कुपोषणाची श्रेणी लगेच समोर येते, पूर्वी तक्त्यावर बोट फिरवत बसावं लागे. मागच्या हंगामात कोल्हापूरकडच्या एका सेविकेचा फोन आला होता. ऊसतोडीला गेलेलं माझ्या वस्तीतलं लेकरू तिने ॲपवरच स्थलांतरित म्हणून आपल्याकडे घेतलं होतं आणि त्याचा आहार सुरू केला होता. ऊसतोड्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या लेकरापर्यंत आहार पोचला, याचा मला केवढा आनंद झाला ते सांगता येत नाही. असं काम करणारं ॲप मला हवंच आहे.

आता वाटपाच्या दिवसाचं सांगते. घरपोच आहारासाठी, म्हणजे घरी नेऊन खायच्या पाकिटांसाठी, १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आमच्या अंगणवाडीत रेंज नाही, ती मारुतीच्या पारावर येते. यंदा ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या त्या आठवड्यात मदतनीस ताईंनी पाकिटांचं पोतं डोक्यावर घेऊन पारावर आणलं आणि मी नोंदी करायला बसले. पहिलीच आली ती ओली बाळंतीण. बाळ पावणेदोन महिन्यांचं. नवरा अजून कारखान्यावरच, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही. तिच्या आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या जुन्या फोनचा, रिचार्जअभावी बंद पडलेला. ओटीपी येणार कुठून? तिच्या सासूने कुठून तरी फोन लावला, मुकादमाकरवी नवऱ्याला गाठलं, रिचार्ज केलं, तासाभराने ओटीपी आला. मग चेहरा. आधारवरचा फोटो ती सातवीत असतानाचा. पदर मागे घे, उजेडाकडे तोंड कर, डोळ्यांची उघडझाप कर. चेहरा जुळत नाही. परत तेच. बाळ सासूच्या मांडीवर रडून लाल झालेलं आणि ही फोनसमोर डोळे मिचकावते आहे. सहाव्या की सातव्या वेळेला ती मला म्हणाली, “ताई, माझं तोंडच बदललं का हो?”

बदललंच होतं. फडावर उसाच्या मोळ्या वाहून आणि त्यात बाळंतपण होऊन गालफडं वर आली होती. तिला आहार हवा होता तो यासाठीच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बाळंतपणानंतर तिला हा आहार मिळतो फक्त सहा महिने. दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, असा त्या कायद्यातला मूळ हिशेब होता. पडताळणीत दोन महिने गेले तर तिच्या हक्कातला तिसरा हिस्सा गेला, आणि बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर तो तिला कोणी मागचा म्हणून देत नाही.

त्याच दिवशी पाराच्या कडेला एक आजी १४ महिन्यांच्या नातीला घेऊन बसली होती. “पोरगी खाईना झालीय, बघा जरा,” म्हणाली. मी म्हटलं, एवढं आटपते, थांबा. रेंज जात होती, येत होती. दिवस मावळला तशी आजी उठून गेली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला बैठक, चेहरा पडताळणीची टक्केवारी कमी का म्हणून. तिसरा दिवस राहिलेल्या नोंदी पुऱ्या करण्यात गेला. चौथ्या दिवशी तिच्या घरी गेले, दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली, ११.२ सेंटिमीटर आली. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. पाय दाबून पाहिले, सूज नव्हती. लगेच आशाताईंना घेऊन तिला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. पोरगी सावरली, आता अंगणवाडीच्या ओट्याला धरून चालते. पण ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत. पट्टी त्या दिवशी पारावर माझ्या पिशवीतच होती. लावायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट मला मिळालं नाही, कारण मी फोन उंच धरून रेंज शोधत होते.

पाकिटं चोरीला जाऊ नयेत, खोटी नावं लागू नयेत, हे मलाही पटतं. पण वस्तीतल्या प्रत्येक बाळंतिणीला मी तिच्या लग्नापासून ओळखते. रेंज नसेल तिथे सही-अंगठ्यावर वाटप होऊ द्या, फोटो फोनमध्ये साठू द्या, रेंज आली की जाऊ द्या. आणि कोणती वही कोणत्या तारखेपासून बंद, हे एकदा लेखी द्या. तोंडी सांगतात, मग तपासणीला आले की पहिल्यांदा वहीच मागतात.

आणखी एक. तुमच्या बातमीत आमच्या ‘पगारा’चा उल्लेख आहे. आम्हाला पगार नाही, मानधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्हाला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तरी कागदावर आम्ही मानसेवीच आहोत. केंद्राने ठरवलेलं मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये झालं. त्यानंतर आमच्या कामात किती नोंदींची भर पडली, त्याचीही एक बातमी करा. आणि पगार हा शब्द दुरुस्त करून छापा, कारण तो वाचून गावातली माणसं आम्हाला विचारतात की एवढा पगार घेता तर आहार का देत नाही.

तुमच्या प्रतिनिधींना पुढच्या वाटपाला यायचं असेल तर अवश्य यावं. सकाळी नऊपासून आम्ही पारावर असतो. येताना पाण्याची बाटली आणा, वर पाणी नाही.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जि. बीड
(नाव व गाव छापू नये, ही विनंती.)