‘मुळासकट नायनाट’ लिहिलेल्या औषधाने तण राहिलं आणि कोटा फरशी गेली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेला मी आज चौथ्यांदा फोन केला. सत्तावीस मिनिटं लाइनवर थांबले. फोन ठेवून चार मिनिटं होत नाहीत तोच मोबाइलवर संदेश आला की माझ्या तक्रारीचं समाधान झालं आहे. झालेलं नाही. तुमचं कार्यालय पुण्यात आहे आणि कॅनवर मजकूर मराठीतही आहे, म्हणून हे पत्र मराठीत.

फरशांमधलं तण मारायचं तुमचं फवारणीचं औषध, पाच लिटरचा कॅन, 1,150 रुपये. पावती जोडली आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी फाटकापासून ओट्यापर्यंत 180 चौरस फूट कोटा फरशी आहे, 1988 साली सासऱ्यांनी बसवून घेतलेली. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सांधे सिमेंटने कितीदा भरले तरी उकलतात, आणि आषाढ लागला की फटींतून हरळी, लव्हाळा, घोळ, केना सगळं वर येतं. इतकी वर्षं मी खुरपं घेऊन बसत असे. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खाली बसता येत नाही. महालक्ष्म्यांची पावलं याच फरशीवरून घरात आणायची असतात, म्हणून औषध आणलं.

कॅनवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत तीन ओळी आहेत: ‘मुळासकट नायनाट’, ‘सर्व प्रकारच्या फरशीसाठी सुरक्षित’, ‘घरच्या व्हिनेगरइतकंच निर्धोक’. मागे भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत अ‍ॅसेटिक आम्ल 20 टक्के असं लिहिलंय. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ते चार-पाच टक्के असतं. ‘इतकंच’ हा शब्द कोणी लिहिला?

कोटा हा चुनखडीचा दगड आहे. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की दगड विरघळू लागतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे, मुलांना हा प्रयोग दरवर्षी करून दाखवत होते. टाकीमागे कोट्याचा एक जुना तुकडा पडला होता, त्यावर तुमच्या औषधाचे थेंब टाकून पाहिले. फेस आला. तुमच्या कारखान्यात रसायन जाणणारी माणसं असणारच, त्यांना हे माहीत नाही असं मी मानत नाही. आता प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचे पांढुरके पट्टे उमटले आहेत. पॉलिश उडालं आहे, हात फिरवला की खरखर लागते.

आणि तण? घोळ आणि केना वाळले, ते मान्य. हरळी आठव्या दिवशी पुन्हा हिरवी झाली आणि लव्हाळा बाराव्या दिवशी वर आला. येणारच. हे आम्ल लागेल तेवढं पान जाळतं, मुळापर्यंत उतरत नाही, आणि लव्हाळ्याच्या गाठी तर मातीत खाली असतात. तरीही तुम्ही ‘मुळासकट’ लिहिता.

फवारणी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी केली. ‘निर्धोक’ वाचून मी त्यांना हातमोजे दिले नाहीत. मनगटावर त्यांची कातडी लाल होऊन सोलली. फरशीपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

आता आजचा फोन. तुमच्या ग्राहक सेवेतला मुलगा हिंदीत बोलत होता. इंदूरमध्ये आम्ही सगळेच हिंदी बोलतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मी म्हटलं, कोटा स्टोन खराब झाला आहे. तो म्हणाला, “मैम, कोटा तो राजस्थान में है, आप तो इंदौर से बोल रही हैं ना?” मी समजावून सांगितलं की कोटा हे दगडाचं नाव आहे, इथे निम्म्या घरांत हीच फरशी असते. तो म्हणाला, “टाइल पे कुछ नहीं होता मैम.” मी म्हटलं, टाइल नाही, दगड आहे. मग त्याने विचारलं, पाणी किती मिसळलं? कॅनवर पाणी मिसळू नका असं तुम्हीच लिहिलं आहे, ते मी वाचून दाखवलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, “आंटी, घर में कोई जेंट्स हों तो बात करा दीजिए, टेक्निकल बात है.”

माझे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. हे त्याला सांगण्याचं कारण नव्हतं, मी सांगितलं नाही. मी म्हटलं, टेक्निकल बात मीच सांगते आहे, लिहून घ्या. त्याने लिहून घेतलं नाही. यूट्यूबवर व्हिडिओ बघा म्हणाला आणि पाच तारे द्यायची आठवण केली. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कोटा म्हणजे काय हे कोणी शिकवलं नाही, तो दोष तुमचा. पण ‘जेंट्स’ला फोन द्या हे त्याच्या समोरच्या कागदावर लिहिलेलं असेल, तर तो कागद कोणी लिहिला ते मला हवं आहे.

अकरा वर्षं माझ्या गुलाबांना तुमचंच गांडूळ खत घालते आहे. शेजारच्या चार घरांत माझ्या सांगण्यावरून तेच येतं. नाव तुमचं होतं म्हणून या कॅनवर मी विश्वास ठेवला.

फरशी पुन्हा घासून पॉलिश करायला कारागिराने चौरस फुटाला 35 रुपये, म्हणजे एकूण 6,300 रुपये सांगितले आहेत. ते आणि कॅनचे पैसे द्या. मावशींच्या औषधपाण्याचा खर्च द्या आणि त्यांची लेखी माफी मागा. कॅनवरून ‘मुळासकट’, ‘सर्व प्रकारच्या फरशीसाठी’ आणि ‘निर्धोक’ हे शब्द काढा. कोटा, संगमरवर यांवर वापरू नका आणि हातमोजे, चष्मा घाला, असं पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी इथेच, इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. त्यासाठी मला पुण्याला यावं लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी आजच नोंद केली आहे.

फोन करू नका. लिहून कळवा.

एक ग्राहक
लोकमान्य नगर, इंदूर

सोबत: पावती, कॅनच्या दोन्ही बाजूंचे, फरशीचे आणि मावशींच्या मनगटाचे फोटो

ता. क. संध्याकाळी दुकानात जाऊन आले. तुमचे अजून अकरा कॅन तिथे आहेत. घरी कोटा किंवा संगमरवर असेल त्याला देऊ नका, असं दुकानदाराला सांगितलं. त्याने माझ्यासमोर प्रत्येक कॅनवर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.